दारू आणि लिव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखाना सिंहगड रोडला, पेशंट पार पेठांपासून हिंजवडीपर्यंतचे, आणि दारूचा विषय निघाला की प्रश्न मात्र तेच तेच. काही जण समोर बसून विचारतात, बरेचसे रात्री अकरानंतर मेसेज टाकतात, आणि त्यातल्या निम्म्यांची सुरुवात "मित्रासाठी विचारतोय डॉक्टर" अशी असते. म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय, आधी साधं, मग अडनिडं. उत्तर आधी कुठे येऊन गेलं असेल तर तिथला नंबर दिलाय. हे वाचून मनानेच औषध सुरू किंवा बंद करू नका.

१. दारूने लिव्हरला नक्की होतं काय?

पोटात गेलेल्या दारूतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिव्हरलाच मोडावा लागतो. मोडताना मधे अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, आणि त्याच वेळी चरबी जाळायचं लिव्हरचं नेहमीचं काम मागे पडतं, म्हणून पहिली पायरी फॅटी लिव्हर. रोज भरपूर पिणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यांना ती होतेच. त्यातल्या काहींना पुढे सूज येते, सूज राहिली की व्रण पडत जातात, आणि व्रणांनी लिव्हर गाठीगाठीचं, कडक झालं की त्याला सिरोसिस म्हणायचं. बरीच वर्षं जोरात पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्के लोक तिथवर जातात. त्यात आपण असणार की नाही हे आधी सांगता येत नाही, सगळी गोची तिथेच आहे. लिव्हर कॅन्सरचा धोका वाढतो तो वेगळाच.

२. मग रोज किती घेतली तर चालते? एक आकडा सांगा ना.

"इथपर्यंत काहीच होत नाही" असा आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मधे स्पष्टच सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणावं असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. लिव्हरपुरतं बोलायचं तर डॉक्टर लोक एक रेघ वापरतात, पुरुषांसाठी रोज सरासरी ३० ग्रॅम आणि बायकांसाठी २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, याच्या वर गेलात की फॅटी लिव्हरमधे दारूचा वाटा धरला जातो. ही रेघ निदानासाठी आहे, कोटा म्हणून दिलेली नाही. पण हे सांगितलं की समोरचा लगेच मनातल्या मनात "म्हणजे तीन पेग" असा हिशोब करतो आणि समाधानाने मान डोलावतो, ते मला दिसतं. ग्रॅम कसे मोजायचे ते पुढच्या प्रश्नात.

३. ग्रॅम कसे काढायचे? बाटलीवर तर टक्के असतात.

सोपं आहे. किती एमएल घेतली त्याला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, परत ०.७९ ने गुणा, झाले ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका बहुतेक ४२.८ टक्क्यांच्या असतात, म्हणजे ३० एमएलचा स्मॉल पेग साधारण १० ग्रॅम, लार्ज २० ग्रॅम आणि १८० एमएलची क्वार्टर बरोब्बर ६० च्या आसपास. बिअरची मोठी ६५० एमएलची बाटली माइल्ड असेल, ५ टक्के, तर २६ ग्रॅम, आणि ८ टक्केवाली स्ट्राँग असेल तर ४१. ब्रुअरीतला अर्ध्या लिटरचा मग २० च्या आसपास. वाईनचा भरलेला ग्लास १५ ग्रॅम.

आता घरचा पेग. एकदा हे करून बघाच, नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखं ओता, पण दारूऐवजी पाणी, आणि मग ते खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजा. "दोनच पेग घेतो डॉक्टर" म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी क्लिनिकमधे हे करायला लावलं, स्टीलचा पेला त्यांच्याच बायकोने पिशवीतून काढून दिला. एक पेग निघाला ९० एमएल. दोन पेग म्हणजे रोज एक क्वार्टर, आणि हे त्यांना स्वतःलाही माहिती नव्हतं.

४. मी फक्त बिअर पितो, हार्ड ड्रिंक नाही. मग लिव्हरला काय होणार?

जे व्हिस्कीने होतं तेच. लिव्हरला बाटलीवरचं लेबल दिसत नाही, त्याला ग्रॅम कळतात आणि वर्षं कळतात. वरचा हिशोब परत वाचा, एक स्ट्राँग बिअर म्हणजे चार स्मॉल पेग आणि ती पिणारा माणूस "आज काही नाही, एकच बिअर" म्हणून घरी येतो. रेड वाईन हार्टला चांगली असते हे पण फार विचारतात, विशेषतः नाशिकला जाऊन आलेले लोक, तर हार्टच्या त्या फायद्याबद्दलच आता शंका आहे आणि लिव्हरला फायदा आहे असं कुणीच कधी म्हटलेलं नाही.

५. महाग दारूने त्रास कमी होतो ना? देशीमुळे सिरोसिस होतो असं ऐकलंय.

इथेनॉल तेच. स्कॉच पिऊन झालेला सिरोसिस आणि देशी संत्रा पिऊन झालेला सिरोसिस यांच्या रिपोर्टमधे फरक दिसत नाही. गरिबाचं खाणं कमी असतं, तपासणी उशिरा होते, म्हणून तो जास्त लवकर खंगतो, एवढं खरं.

हातभट्टीचं मात्र वेगळं. तिच्यात मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं आणि ते काही तासांत डोळे किंवा जीव घेतं, मुंबईत मालवणीला जून २०१५ मधे शंभरहून जास्त माणसं अशीच गेली. ती विषबाधा आहे, लिव्हरचा आजार नव्हे. पिल्यानंतर दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं तर झोपून राहू नका, सरळ ससून गाठा किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल.

६. पण सरकारच्या दारूच्या परमिटवर आरोग्य राखण्यासाठी असं असतं, मग ते काय खोटं आहे का?

हा प्रश्न खास पुणेरी आहे आणि मला आवडतो. आपल्या राज्याचा १९४९ चा कायदा दारूबंदीचा आहे, त्यामुळे पिण्याची परवानगी द्यायची तर कारण काहीतरी लागणार, ते आरोग्याच्या जपणुकीचं ठेवलंय. तो कायद्याचा कागद आहे, प्रिस्क्रिप्शन नाही.

७. मी फक्त शनिवारी बसतो. आठवडाभर थेंब नाही.

शनिवारी किती, ते सांगा आधी. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या भाषेत जड बैठक, आणि प्रश्न ३ मधे बघितलंत की ते म्हणजे एक क्वार्टर. शनिवारी क्वार्टर संपवून "मी तर विकेंडवाला" म्हणणारे भरपूर आहेत. रोज पिणाऱ्यापेक्षा धोका कमी हे बरोबर, मधले कोरडे दिवस लिव्हरला उपयोगाचे असतात हेही बरोबर, पण जोडीला पोट सुटलेलं असेल, शुगर असेल, तर हे विकेंडसुद्धा जमा होत जातात. आणि हळूहळू शनिवार शुक्रवारी संध्याकाळी सुरू व्हायला लागतो, रविवारी दुपारी मॅचबरोबर संपतो, ते बघा.

८. मला चढतच नाही, कपॅसिटी चांगली आहे. म्हणजे लिव्हर स्ट्राँग आहे ना?

उलट. चढत नाही म्हणजे मेंदूला सवय झालीय आणि दारू मोडणारी एन्झाइम जास्त वेगाने चालतायत, त्यातून लिव्हरला जास्तच मार बसतो. ज्याला दोन पेगमधे झोप येते तो तिथेच थांबतो, कपॅसिटीवाला सहावर जातो.

९. आमचे मोठे काका चाळीस वर्षं रोज पितात, पंचाहत्तरी झाली, काही झालं नाही.

प्रत्येक घरात असे एक काका असतात. प्रश्न १ मधला आकडा उलटा वाचला तर जोरात पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना सिरोसिस होत नाही, काका त्या बहुतेकांत. जनुकांचा भाग मोठा आहे, पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना कमी दारूतही जास्त इजा होते. शिवाय वजन, डायबेटिस, हिपॅटायटिस बी किंवा सी आहे का, सिगरेट आहे का, यावरही बरंच ठरतं. काकांचे जे मित्र पंचेचाळिशीत गेले ते लग्नकार्यात भेटत नाहीत, म्हणून उदाहरण काकांचंच दिलं जातं.

१०. बायकांना धोका जास्त असतो हे खरं की उगाच बोलायचं म्हणून?

खरं आहे, आणि यात नैतिक वगैरे काही नाही. शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूत रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, पोटातलं दारू मोडणारं एन्झाइमही कमी. पुरुषापेक्षा कमी दारूत आणि कमी वर्षांत सिरोसिस होऊ शकतो. खरी अडचण वेगळीच आहे, बाई पिते हे घरात कुणी उच्चारत नाही, ती स्वतः डॉक्टरला सांगत नाही, आणि वाढलेला रिपोर्ट "ताई, अ‍ॅसिडिटीचं असेल" म्हणून बाजूला पडतो. विचारायला लाजणाऱ्या डॉक्टरांचीही यात चूक आहे.

११. आधी तूप-भात खाल्ला किंवा चकणा भरपूर घेतला तर लिव्हर वाचतं का?

भरल्या पोटी दारू हळू शोषली जाते, चढते उशिरा, पण येते सगळीच. तासाला साधारण एक स्मॉल पेग एवढाच लिव्हरचा मोडायचा वेग असतो, तो लिंबूपाण्याने, कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने वाढत नाही. चकण्याला खारे दाणे, चिकन लॉलीपॉप आणि वर बारा वाजता बिर्याणी असं असेल तर फॅटी लिव्हरला दोन्हीकडून खतपाणी.

१२. लिव्हर खराब होतंय हे कळतं कसं? माझ्या उजव्या बाजूला दुखतं.

उजवीकडे दुखणं बहुतेक वेळा गॅस किंवा स्नायू असतो, पित्ताशयातले खडेही असू शकतात. लिव्हर फार काळ काहीच बोलत नाही, फॅटी लिव्हरला आणि सुरुवातीच्या सिरोसिसला लक्षण नसणं हेच नेहमीचं.

उशिरा दिसतं ते असं: डोळे पिवळे, पायावर सूज, पोटात पाणी म्हणजे जलोदर, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल बारीक शिरा, तळवे लालसर, पुरुषांची छाती वाढणं, दंड बारीक आणि पोट मोठं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ती इमर्जन्सी आहे, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्याचं ते लक्षण असतं.

१३. एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल आलंय. म्हणजे सुटलो?

नाही. रक्तातल्या लिव्हर एन्झाइमचे हे दोन आकडे पेशी फुटतायत का ते सांगतात, व्रण किती पडलेत ते सांगत नाहीत, आणि सिरोसिसमधे ते चक्क नॉर्मल येऊ शकतात. मी रिपोर्ट हातात घेतला की आधी प्लेटलेट बघतो. त्या वर्षागणिक खाली येत असतील, दोन लाख दहा हजार, मग एक लाख साठ, मग एक लाख पंधरा, तर व्रणांमुळे प्लीहा वाढलीय का हे शोधायलाच हवं. अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायचा वेळ दाखवणारा आयएनआर बघायचे, लिव्हर काम किती करतंय ते त्यावरून कळतं.

दारूचा एक ठसा असतो. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त, उदाहरणार्थ १४२ आणि ६१, जोडीला जीजीटी हे लिव्हरचंच आणखी एक एन्झाइम वाढलेलं आणि सीबीसीमधे एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, शंभरच्या वर. असा रिपोर्ट आणि "कधीतरी घेतो" हे उत्तर एकत्र आलं की मी त्यांच्या बायकोकडे बघतो. आणि दारूच्या हिपॅटायटिसमधे, म्हणजे दारूने आलेल्या लिव्हरच्या सुजेत, एसजीओटी-एसजीपीटीचे आकडे फार क्वचित चारशेच्या वर जातात, हजारात असतील तर कारण दुसरं शोधायचं, व्हायरस किंवा औषध.

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून फिब-४ नावाचा आकडा फुकटात काढता येतो, १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जा. मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी. सोनोग्राफी स्वस्त आहे पण थोडीशी चरबी तिला दिसत नाही आणि व्रणांचं मोजमाप ती करत नाही.

१४. कंपनीच्या हेल्थ चेकअपच्या आधी आठवडाभर बंद ठेवली तर रिपोर्ट चांगला येईल ना?

थोडा येईल. जीजीटी निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, एमसीव्हीला तर दोन-तीन महिने, त्यामुळे आठवड्यात सगळं पुसलं जात नाही. पेथ नावाची एक रक्तचाचणी आहे, ती तीन-चार आठवड्यांपूर्वीची दारूही दाखवते, पण साध्या चेकअपमधे ती नसते. मला यातलं लॉजिकच कळत नाही, पैसे कंपनीचे, सुई तुमच्या हातात, आणि फसवायचं कुणाला? नेहमीसारखं राहा आणि तपासा.

१५. मी दरवर्षी श्रावण पाळतो, महिनाभर पूर्ण बंद. लिव्हर रिसेट होतं का?

निम्मं उत्तर हो. नुसती फॅटी लिव्हरची पायरी असेल तर दोन ते सहा आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर दारूमुळे साठलेली चरबी बरीचशी जाते, आणि श्रावण भरतो तीस दिवसांच्या आसपास, काही जण गणपती उठेपर्यंत ताणतात, ते तर अजून चांगलं. झोप सुधारते, बीपी थोडं उतरतं, पेशंट स्वतःच येऊन सांगतात.

उरलेलं निम्मं असं. व्रण पडले असतील तर ते महिन्यात जात नाहीत. गटारीला पुढच्या महिन्याचा कोटा आगाऊ संपवला तर हिशोब तिथेच बिघडला. आणि "श्रावणात सोडू शकतो म्हणजे मला व्यसन नाही" हे अनुमान चुकीचं आहे, कारण महिना काढणं अनेकांना जमतं, प्रश्न त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळचा असतो. ती संध्याकाळ तुम्ही दिवस मोजत वाट बघत असाल तर तेवढं लक्षात घ्या.

अजून एक, रोज सकाळपासून लागणाऱ्यांनी श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद करणं धोक्याचं आहे, प्रश्न १७ वाचा.

१६. मला फॅटी लिव्हर आहे पण वजन आणि शुगरही आहे. दोष दारूचा की खाण्याचा?

दोघांचा, आणि दोघं मिळून बेरीज नाही, गुणाकार करतात. आपल्या लोकांत कमी वजनातही पोटावर चरबी असते, म्हणून कंबर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. २०२३ मधे या आजारांची नावंच नव्याने ठरवली, त्यात दोन्ही कारणं असलेल्यांसाठी वेगळा गट केलाय. व्यवहारात काय, तर "आधी वजन कमी करतो, दारूचं नंतर बघू" असं चालत नाही. फॅटी लिव्हर असताना थोडी घेतली तर चालेल का याचं माझं उत्तर नाही असंच आहे, थोडी म्हणजे किती हे प्रश्न ३ मधल्या पेल्यासारखं होतं.

१७. बाबा रोज पितात, आम्ही सगळ्यांनी शपथ घालून उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवलंय. बरोबर ना?

शपथ ठीक, पण थांबा. अनेक वर्षं रोज भरपूर पिणारा माणूस, विशेषतः सकाळी हात थरथरतात म्हणून घेणारा, त्याची दारू घरात एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम, बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, अंगावर धावून येतो, ताप, धडधड. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं, आणि अंगारा लावण्यात एक दिवस जातो. हे डिलिरियम ट्रेमेन्स, आणि याला हॉस्पिटल लागतं.

करायचं काय, तर आधी डॉक्टर, मग बंद. औषधांच्या आधाराने पाच-सात दिवसांत नीट उतरवता येतं. व्हिटॅमिन बी-वन म्हणजे थायमिन लागतं, आणि सलाईनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी ते दिलेलं बरं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. पूर्वी फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच.

१८. अ‍ॅडमिट करताना दारूचं सांगितलं तर मेडिक्लेम नाकारतील. लपवावं का?

बऱ्याच पॉलिसींमधे व्यसनाच्या उपचारांचा खर्च वगळलेला असतो, ही भीती खोटी नाही. तरी लपवू नका. हे मी असं पाहिलंय, माणूस पायाच्या फ्रॅक्चरसाठी अ‍ॅडमिट, घरचे ठामपणे म्हणतात कधीच घेत नाहीत, ऑपरेशन मस्त होतं, आणि तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून वॉर्डभर फिरायला लागतो. मग सीटी स्कॅन, आयसीयू, बिल तिप्पट. पहिल्याच दिवशी कुणी हळूच सांगितलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं.

१९. लिव्हर टॉनिक, गुळवेल, झाडपाला यांनी लिव्हर साफ होतं का?

दारू चालू ठेवून लिव्हर वाचवेल असं कुठलंही टॉनिक नाही. इंग्लिश नाही, आयुर्वेदिक नाही. आयुर्वेदाला विरोध म्हणून बोलत नाहीये, पण आजारी लिव्हरवर नैसर्गिक गोष्टसुद्धा जड पडू शकते. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मधे नोंदवले, आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही, वाद राहू दे, आधीच सुजलेल्या लिव्हरवर तो कशाला ओढवून घ्यायचा.

काविळ उतरवण्याचं पण इथेच सांगतो. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, माळ वाढत जाते, नाकात थेंब टाकतात. साधी हिपॅटायटिस ए ची काविळ अशीही आपोआप बरी होते, म्हणून श्रेय त्या माळेला मिळतं. दारूची काविळ तशी नसते, गंभीर दारूच्या हिपॅटायटिसमधे महिन्या-दोन महिन्यात माणूस जाण्याचं प्रमाण मोठं आहे, माळ वाढायची वाट बघू नका.

कॉफीबद्दल मात्र चांगली बातमी, नियमित कॉफी पिणाऱ्यांत सिरोसिसचं प्रमाण कमी दिसतं. पण दारूवर उतारा म्हणून नाही हो.

२०. दारू सोडवायची पावडर गुपचूप भाजीत घालतात म्हणे. आमच्या ह्यांना देऊ का?

नका देऊ, ताई. अशा पावडरींमधे डायसल्फिराम असू शकतं. त्यावर माणूस प्यायला की चेहरा लाल, उलट्या, बीपी धाडकन खाली, आणि हार्टचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. ते औषध चांगलं आहे पण माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, तपासण्या करून, कारण ते स्वतःही लिव्हरला इजा करू शकतं. शिवाय पुड्या बंद केल्या तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, सिरोसिसमधे बॅक्लोफेनचा अभ्यास झालाय, पण ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

२१. हँगओव्हरला क्रोसिन घेतली तर चालते का?

कधीतरी पिणाऱ्या, लिव्हर चांगलं असणाऱ्या माणसाने एखादी गोळी घेतली तर चालते. रोज पिणारा, नीट न जेवणारा माणूस असेल तर पॅरासिटामॉलची सुरक्षित मर्यादाच खाली येते, दिवसात २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, याच्या वर अजिबात नाही. मग ब्रुफेन घेऊ का? सिरोसिस असेल तर ती त्याहून वाईट, किडनी बसवते आणि रक्तस्राव करते. जुलाबाच्या काही गोळ्यांत मेट्रोनिडाझोल असतं, त्यावर दारू टाळा.

२२. सिरोसिस आहे, दारू बंद केलीय. नीरा, द्राक्षासव, झिरो बिअर चालेल?

नीरा ताजी आणि थंड असेल तर दारू नाही, पण उन्हात राहिली की आंबते, तिची ताडी होते, त्यामुळे खात्रीची नसेल तर सोडा. आसवं आणि अरिष्टं मात्र आंबवूनच बनतात, बाटलीवर बारीक अक्षरात स्वयंजनित अल्कोहोल १० ते १२ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं, म्हणजे वाईनएवढं. डोस लहान असतो, तरी सिरोसिसमधे नकोच, आणि दारू सोडलेल्या माणसाने तर बाटली घरातही ठेवू नये. मी असे लोक पाहिलेत जे चमच्याने सुरू करून बाटलीवर आले. झिरो बिअरमधे दारू नसली तरी चव, ग्लास, गँग सगळं तेच, म्हणून पहिली एक-दोन वर्षं मी नको म्हणतो.

२३. पथ्य काय? आम्ही डाळ, दूध, अंडी बंद करून फक्त पेज देतोय.

हे आजच बदला. सिरोसिसमधे प्रोटीन कमी करायचं ही जुनी समजूत आहे, त्याने स्नायू झडतात आणि माणूस अजून लवकर ढासळतो. किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन रोज, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम, डाळ, मूग, पनीर, दही, अंडी, जे पचेल ते. रात्री झोपायच्या आधी काहीतरी खायचंच, दूध-पोळी, मेतकूट-भात, दोन लाडू, कारण आजारी लिव्हर रात्रभराचा उपास सोसू शकत नाही. संकष्टी, एकादशी माफ.

पोटात पाणी असेल तर मीठ कमी, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, एक लहान चमचा सगळं मिळून. पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी हे सगळं त्यात धरा.

२४. सहा महिने दारू बंद आहे, तरी रात्री जागतात, दिवसा झोपतात, असंबद्ध बोलतात. चोरून पितायत का?

हा प्रश्न विचारणाऱ्या घरात आधीच भांडण होऊन गेलेलं असतं, म्हणून जरा नीट वाचा. लिव्हर साफ करू शकत नाही असे पदार्थ मेंदूपर्यंत गेले की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा वागतो, जीभ जड, चालताना तोल जातो, सहीचं अक्षर बिघडतं, शर्टाची बटणं चुकतात. दोन्ही हात पुढे ताणून पंजे वर करायला सांगा, पंजे पंखांसारखे फडफडले तर हेच. बहुतेक वेळा निमित्त साधं असतं, दोन दिवस शौचाला न होणं, इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव, किंवा कुणीतरी दिलेली झोपेची गोळी. उपाय म्हणून लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध देतात, दिवसात दोन-तीन वेळा सैल शौचाला व्हायला हवं एवढा डोस, आणि लोक नेमकं जुलाब होतात म्हणून ते बंद करतात. करू नका.

दारू सोडल्यावर काही आठवड्यांत काविळ आली तर "सोडल्यामुळेच झालं, थोडी द्या" असं कुणी सांगेल. दारूचा हिपॅटायटिस बंद केल्यानंतरही दिसू शकतो. थोडी देऊ नका, दाखवायला न्या.

२५. ट्रान्सप्लांट होऊ शकतं का? दारूवाल्यांना लिव्हर देत नाहीत असं ऐकलं.

देतात. बरीच सेंटर्स सहा महिने दारू बंद असल्याचा आग्रह धरतात, त्याचं एक कारण असं की तेवढ्यात काहींचं लिव्हर इतकं सावरतं की ट्रान्सप्लांट लागतच नाही. औषधांना दाद न देणाऱ्या गंभीर हिपॅटायटिसमधे निवडक पेशंटना लवकरही करतात, फ्रान्समधला त्यावरचा अभ्यास २०११ चा. मेंदूमृत दात्याचं लिव्हर हवं असेल तर नोंदणी हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या संस्थेकडे, होते, आणि आपल्याकडे बरीचशी ट्रान्सप्लांट घरच्या माणसाने लिव्हरचा तुकडा देऊन होतात. भाऊ किंवा मुलगा देणार असेल तर त्याचंही लिव्हर फॅटी नसावं लागतं, आणि तिथे बऱ्याचदा गाडी अडते.

२६. पुण्यात मदत कुठे मिळेल?

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केलेलं. ससूनचा मानसोपचार विभाग आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंग मराठीत होतात, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, आणि घरच्यांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आणि १४४१६ हे टेलि-मानस. पेशंट यायला तयार नसेल तर आधी घरच्यांपैकी कुणी एकटं गेलं तरी चालतं.

२७. पाच वर्षं एक थेंब नाही, रिपोर्ट नॉर्मल, तरी डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात. कमिशनसाठी का?

तुम्हाला सिरोसिसपर्यंत गेलं होतं का, यावर उत्तर अवलंबून आहे. नुसतं फॅटी होतं आणि ते गेलं, तर गरज नाही. सिरोसिस होता तर दारू सोडल्याने आयुष्य वाढतं, व्रण थोडे मऊही पडतात, पण कॅन्सरचा धोका शून्यावर येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला एएफपी ही रक्तचाचणी. दोन-तीन सेंटीमीटरची गाठ सापडली तर ती काढून किंवा जाळून टाकता येते, सात-आठ सेंटीमीटरची झाल्यावर पर्याय कमी उरतात. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर तीही घ्या. सोनोग्राफी रिकाम्या पोटी लागते, सकाळची पहिली वेळ मागा, आणि जुने फोटो बरोबर न्या, तुलना करायला तेच लागतात.